नगरसेविकाबाई, पहिलं काम कुठलं?

१६ जानेवारी २०२६ला महापालिकांचे निकाल लागले. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत गुलाल उडाला, ढोल-ताशे वाजले, अभिनंदनाचे बॅनर विजेच्या खांबांवर चढले. मैत्रिणींनो, त्या बॅनरवरचे चेहरे मोजून पाहिलेत का? कल्याण-डोंबिवली महापालिकेत १२२ जागा, त्यातल्या ६१ बायकांसाठी राखीव. ठाण्यात १३१, त्यातल्या ६६ राखीव. म्हणजे दोन्ही सभागृहांत निदान निम्म्या खुर्च्यांवर बायका बसणार. १९९३मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा शहरांच्या कारभारात आपल्याला एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११मध्ये त्या निम्म्या केल्या. आता संख्या झाली. पुढचा प्रश्न कामाचा आहे. या साऱ्या नगरसेविकांनी खुर्चीवर बसल्या बसल्या पहिलं काम कुठलं हातात घ्यायचं?

‘सगळंच करणार’ हे उत्तर आपण प्रचारात ऐकलंय. जाहीरनाम्यात पाणी असतं, रस्ते असतात, उद्यान असतं, स्मारक असतं, मेट्रो असते, महिला सक्षमीकरण तर असतंच असतं. पण घर चालवणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पगार हातात आला की आधी किराणा, मग मुलांची फी, मग विजेचं बिल, मग सासूबाईंची औषधं. पडदे बदलायचे असतात, पण ते दिवाळीला. म्हणजे नुसती यादी करून भागत नाही. कशाच्या आधी काय आणि कशासाठी काय थांबवायचं, हे सांगावं लागतं. नगरसेविकेनं तेवढं स्पष्ट सांगितलं, तरी अर्धं काम झालं म्हणायचं.

या वेळी हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे. कारण ही शहरं बरीच वर्षं लोकप्रतिनिधींशिवाय चालली. कल्याण-डोंबिवलीच्या आधीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये संपली. आधी करोना, मग आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचनेचे वाद. अखेर सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्या, तोवर कारभार प्रशासकाच्या हाती. ठाण्यात मार्च २०२२पासून तेच. कल्याण-डोंबिवलीला हे नवं नाही म्हणा. महापालिका झाली १९८३ला आणि पहिली निवडणूक झाली १९९५ला! बारा वर्षं लोकांचा एकही प्रतिनिधी नव्हता. या वेळी पाच वर्षं गेली. या पाच वर्षांत नळाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जायचं, हेच बायकांना कळेनासं झालं. वॉर्ड ऑफिसात गेलं तर साहेब मीटिंगला, माजी नगरसेवकांकडे गेलं तर ‘आता आमच्या हातात काही नाही ताई.’ विचारायची सवयच मोडली. ती पुन्हा लावायची तर पहिल्या वर्षातच काहीतरी डोळ्यांना दिसलं पाहिजे.

मग क्रम कसा लावायचा? गंमत म्हणजे कायद्यानंच थोडा लावून ठेवलाय. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ यात महापालिकेच्या कामांचे दोन भाग केलेत. पाणीपुरवठा, गटारं, रस्त्यावरचे दिवे, कचरा उचलणं, दवाखाने, प्राथमिक शिक्षण ही बंधनकारक कामं. बागा, वाचनालयं, नाट्यगृहं वगैरे ऐच्छिक. म्हणजे आधी भात-आमटी, मग गोडधोड. आपल्याकडे मात्र कित्येकदा उलटंच होतं. कमानीचं उद्घाटन होतं आणि कमानीखालच्या गटाराला झाकण नसतं. तेव्हा नव्या नगरसेविकेनं हा कायदा आधी वाचावा, आणि दुसरी कसोटी बायकांच्या घड्याळाची लावावी. आपल्या प्रभागातल्या बाईचा दिवस किती वाजता सुरू होतो, कुठे अडतो, कुठे तिला भीती वाटते, कुठे तिची पाठ मोडते, त्या ठिकाणी पहिला पैसा जावा.

असं घड्याळ लावलं की सकाळी पहिलं येतं ते पाणी. कल्याण-डोंबिवली उल्हास नदीचं पाणी उचलते. बारावे, मोहिली, नेतिवली इथं ते शुद्ध होतं. ठाण्याला स्वतःच्या योजनेखेरीज स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी, मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी येतं. इतकी सोय असताना भांडण कशाचं? बरंचसं भांडण वाटपाचं आणि वेळेचं असतं. एका गल्लीत दोन तास, पलीकडच्या चाळीत वीस मिनिटं. कुणाकडे पहाटे साडेतीनला, कुणाकडे दुपारी, म्हणजे नोकरीवाली बाई घरात नसताना. पाणी भरणं हे आजही बहुतेक घरांत बाईचंच काम. पहाटे तीनला उठून टाकी भरणारी बाई ६.४०च्या लोकलला उभी राहते तेव्हा तिचा अर्धा दिवस होऊन गेलेला असतो.

नवं धरण बांधणं नगरसेविकेच्या हातात नाही, आणि तिनं तसं सांगूही नये. पण प्रभागातल्या कुठल्या भागाला किती वाजता, किती वेळ पाणी सुटतं याचं वेळापत्रक पाणी खात्याकडून लेखी घेऊन ते प्रत्येक सोसायटीच्या आणि चाळीच्या फलकावर लावायला काय लागतं? एकदा वेळ कागदावर आली की वॉल्व्ह फिरवणाऱ्याची मर्जी संपते. दाब का कमी पडतो, गळती कुठे आहे, चोरून जोडलेल्या मोटरी कुठे आहेत, हे त्यातूनच बाहेर येतं. पहिल्या शंभर दिवसांतलं हे काम. खर्च जवळजवळ शून्य, आणि ते झालं की नाही हे प्रभागातली प्रत्येक बाई सांगू शकते.

पाण्याचं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे कल्याण-डोंबिवलीतली २७ गावं. १९८३ला ती महापालिकेत आली, २००२ला बाहेर काढली, जून २०१५ला पुन्हा आत घेतली. २०२०मध्ये त्यातली १८ वेगळी करून नगर परिषद करायचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयानं रद्द केला. या ओढाताणीत इमारतींचे मजले वाढत गेले, नळ मात्र कोरडे राहिले. तिथं पाणी एमआयडीसीचं, कर महापालिकेचा, आणि हंडा मोर्चा बायकांचा! पाणी देणारी संस्था एक आणि बिल घेणारी दुसरी असली की तक्रार चेंडूसारखी इकडून तिकडे जाते. अशा प्रभागातल्या नगरसेविकेचं प्राधान्य वेगळंच असणार. नळजोडणी किती घरांना झाली आणि टँकरवर किती घरं आहेत, हा आकडा तिनं दर महिन्याला महासभेत मागायला हवा. टँकरनं पाणी येणाऱ्या भागात उद्यानाचं भूमिपूजन करायला तिनं जाऊच नये.

घड्याळात दुसरं येतं ते घर ते स्टेशन. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही आपली शहरं रुळांच्या आधारानं वाढली. १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली. लोकलची गर्दी हा रेल्वेचा, म्हणजे केंद्र सरकारचा विषय. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांतून माणसं पडली आणि मेली, त्यानं सगळ्यांच्या पोटात गोळा आला. त्या बाबतीत नगरसेविका पत्र लिहू शकते, पाठपुरावा करू शकते, एवढंच. पण स्टेशनच्या जिन्यावरून उतरल्यापासून घराच्या दारापर्यंतचा रस्ता बहुतेक ठिकाणी महापालिकेचा असतो. तिथला दिवा महापालिकेचा, पदपथ महापालिकेचा, गटाराचं झाकणही महापालिकेचं.

रात्री साडेनऊला उतरलेली बाई हा रस्ता कसा पार करते, हे नगरसेविकेनं एकदा स्वतः चालून पाहावं. सोबत कार्यकर्ते, गाड्या, फोटोवाला नको. हातात भाजीची पिशवी घेऊन जावं. पदपथावर दुकानाचा माल मांडलेला, पुढे दुचाक्या, मग रिक्षांची दुहेरी रांग. बाई चालते ती रिक्षा आणि डबकं यांच्यामधून. पेव्हर ब्लॉक उचकटलेले, त्यात साडीचा काठ किंवा चपलेचा अंगठा अडकतो. दर तिसरा दिवा बंद. म्हाताऱ्या बाईला तर स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे जायलाही मुलाची वाट पाहावी लागते, पाय चालत नाहीत म्हणून नव्हे, पदपथ चालत नाही म्हणून.

फेरीवाल्यांचं नाव घेतलं की दोन तट पडतात. २०१७मध्ये उच्च न्यायालयानं स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. पण घरी जाता जाता पालेभाजी, फुलं, उद्याच्या डब्याचं सामान आपण त्यांच्याकडूनच घेतो आणि त्यांच्यातही कितीतरी बायका आहेत. त्यांना नुसतं हाकलून दिलं की त्या तासाभरात परत येतात, कारण त्यांनाही चूल पेटवायची असते. २०१४च्या फेरीवाला कायद्यात शहर फेरीवाला समिती आहे, तिच्यातल्या फेरीवाल्यांच्या प्रतिनिधींत एक-तृतीयांश बायका हव्यात असंही आहे. जागा आखून देणं, परवाने देणं हे त्या समितीचं काम. नगरसेविकेनं गाडीवर कारवाईचा फोटो काढून घेण्यापेक्षा या समितीच्या बैठका होतात का, हे विचारावं. चालणारी आणि विकणारी, दोघींना जागा लागते.

खड्ड्यांचं काय सांगावं! २०१८च्या पावसाळ्यात कल्याणच्या रस्त्यांवर माणसं गेली. शिवाजी चौकात दुचाकीवर मागे बसलेली एक बाई खड्ड्यामुळे खाली पडली आणि बसखाली गेली. तेव्हाही संताप झाला, मोर्चे निघाले, डांबर पडलं आणि पुढच्या पावसात वाहून गेलं. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. जखमींनाही भरपाई सांगितली. गेलेलं माणूस पैशानं परत येत नाही. पण महापालिकेच्या खिशाला झळ लागली तर ठेकेदाराला जाब विचारला जाईल, हा त्यातला अर्थ. नगरसेविकेनं प्रभागातल्या प्रत्येक रस्त्याचा ठेकेदार कोण आणि त्यानं रस्ता किती वर्षं टिकण्याची हमी दिली आहे, हा फलक रस्त्यावर लावून घ्यावा. आपलं स्वतःचं नाव तिनं त्यावर छोट्या अक्षरात लावलं तरी चालेल.

तिसरी गोष्ट बोलायला बायका आजही संकोचतात, म्हणून नगरसेविकेनंच ती मोठ्यानं बोलावी: स्वच्छतागृह. बाजारात, रिक्षास्टँडवर, भाजीमंडईत दिवसभर काम करणारी बाई पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. मुंबईत २०११पासून ‘राइट टू पी’ चळवळीनं हाच प्रश्न लावून धरला. आपल्याकडे बांधलेली स्वच्छतागृहंही असतात, पण कुलूप, नाहीतर दिवा नाही, नाहीतर पाणी नाही, नाहीतर दारात पुरुषांचा घोळका. नवं बांधण्याआधी असलेली किती चालू आहेत याची यादी करावी. आत कडी आहे का? नळाला पाणी आहे का? वापरलेला पॅड टाकायला डबा आहे का? साफसफाई करणाऱ्या बाईला पगार वेळेवर मिळतो का? हे प्रश्न महासभेत पुरुष सभासद सहसा विचारणार नाहीत. निम्म्या खुर्च्या बायकांना दिल्या त्या यासाठीच.

चौथा कचरा. या बाबतीत कल्याणनं फार सोसलंय. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर, त्याला लागणाऱ्या आगी, धूर, दारं-खिडक्या लावून बसलेली घरं. कचऱ्याची विल्हेवाट लावत नाही म्हणून २०१५मध्ये उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीतल्या नव्या बांधकामांना परवानगी द्यायलाच मनाई केली होती. शेवटी मे २०२१मध्ये आधारवाडीला कचरा टाकणं बंद झालं. घराघरात ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची सक्ती झाली, आणि तो वेगळा कुणी केला? स्वयंपाकघरातल्या बायकांनीच. भाजीची देठं या बादलीत, दुधाची पिशवी धुऊन त्या बादलीत. हे रोजचं, बिनपगारी काम आहे आणि शहर त्यावर चालतं.

म्हणूनच एखाद्या सकाळी घंटागाडीत दोन्ही बादल्या एकाच जागी उपड्या होताना दिसल्या की बाईचा संताप होतो. दुसऱ्या दिवसापासून तीही म्हणते, ‘मरू दे, मी एकटीनं का करू?’ इतक्या कष्टानं लागलेली सवय एका गाडीनं मोडते. त्यामुळे नगरसेविकेनं बायकांना ‘कचरा वेगळा करा’ असं भाषण देण्याआधी, सकाळी सात वाजता गाडीजवळ उभं राहून गाडीत कप्पे दोन आहेत का ते बघावं. आणि सफाई कामगार बायकांना हातमोजे, गमबूट मिळतात का तेही.

पाणी, रस्ता, स्वच्छतागृह, कचरा. एवढं मार्गी लागलं की मग माणसांनी एकत्र येण्याच्या जागा. ऐच्छिक म्हटलं म्हणून त्या बिनमहत्त्वाच्या नव्हेत. ही शहरं नुसती झोपायला परतण्याची गावं नाहीत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. गुढीपाडव्याला निघणारी स्वागतयात्रा डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थाननं सुरू केली आणि आज गावोगावी निघते. फडके रोडवर दिवाळी पहाटेला तरुण मुलं-मुली जमतात. हे सगळं लोकांनी उभं केलं, महापालिकेच्या ठरावानं नव्हे. महापालिकेनं एवढंच करायचं: जागा राखायची, दिवा लावायचा, स्वच्छता ठेवायची, आणि ती जागा कुणा एकाला आंदण द्यायची नाही.

आता जागा म्हटली की ती कुणाची होते, हेही बघावं लागतं. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरानं १९९०च्या दशकात एक साधी पाहणी केली. बागेत लहान मुलं-मुली दोघंही खेळतात. पण नऊ-दहा वर्षांनंतर मुली येईनाशा होतात, मुलगे मात्र येतच राहतात. कारण मोकळी जागा एकच, आणि ती फुटबॉलवाल्यांनी व्यापलेली. मुली भांडत बसत नाहीत, घरी जातात. त्या शहरानं दोन बागांत फेरफार केले. मैदानाचे लहान भाग पाडले, बसायच्या जागा केल्या, वाटा आणि उजेड वाढवला. मुली परत आल्या. आपल्या प्रभागातल्या मैदानावर संध्याकाळी सहा वाजता किती मुली दिसतात? मैदानावर कायम क्रिकेट आणि मांडव, आणि मुली गॅलरीत. आठवड्यातले दोन दिवस मैदान मुलींसाठी राखलं तर खर्च काय? एक फलक आणि एक राखणदार. तसंच अभ्यासिकेचं. एका खोलीच्या घरातल्या दहावीच्या मुलीला रात्री आठपर्यंत उजेडात बसता येईल अशी खोली महापालिकेच्या शाळेत शाळा सुटल्यावर रिकामीच असते.

इथवर आलोच आहोत तर शेवटी काय ठेवायचं तेही स्पष्ट बोलू. महापालिकांनी अंदाजपत्रकातला ५ टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. तो कशावर जातो? शिवणयंत्रांचं वाटप, ब्युटी पार्लरचे वर्ग, मेळावे. शिवाय नेत्यांच्या खर्चानं खेळ पैठणीचा, हळदीकुंकू, देवदर्शनाच्या बसगाड्या. पैठणी कुणाला नको असते? हळदीकुंकवाला चार बायका भेटतात, हसतात, यात वाईट काही नाही. पण पैठणी एकीला मिळते आणि अंधारी गल्ली सगळ्यांना. त्या ५ टक्क्यांतून पाळणाघर चाललं, मुलींची अभ्यासिका चालली, स्वच्छतागृहाच्या राखणदारणीचा पगार निघाला, तर तो वर्षभर रोज वापरला जाईल. हा निधी कशावर खर्च करायचा हे महिला व बालकल्याण समिती ठरवते. तिथं बसणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. तेव्हा ‘पुरुष करू देत नाहीत’ ही सबब इथं फारशी चालायची नाही.

बाई निवडून आली म्हणून खरंच फरक पडतो का? राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पुढे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांचा २००४चा अभ्यास आहे, पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायतींचा. जिथं सरपंचपद बायकांसाठी राखीव होतं तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, कारण गावातल्या बायकांची मागणी तीच होती. म्हणजे फरक पडतो. पण कधी? खुर्चीवर बसलेली बाई स्वतः निर्णय घेते तेव्हा. आपल्याकडे नगरसेविकेच्या नावाखाली ‘श्रीमंत’ कोण असतात ते आपण पाहतोच. बॅनरवर तिच्यापेक्षा त्यांचा फोटो मोठा, फोन तेच उचलतात, अधिकाऱ्यांशी तेच बोलतात, ती सही करते. घरच्यांची मदत असावी, जरूर असावी. आमदारांच्या घरीही बायका मदत करतातच की! पण आमदारबाईंना कुणी ‘आमदार’ म्हणत नाही. प्रभागातल्या बायकांनी एक पथ्य पाळावं: काम घेऊन गेलं की ‘वहिनी कुठेत?’ विचारावं आणि बोलणं तिच्याशीच करावं. दहा वेळा तसं झालं की अकराव्यांदा तीच दार उघडेल.

या वेळी आणखी एक अडचण आहे, चार जणांच्या प्रभागाची. २०१५मध्ये कल्याण-डोंबिवलीत एका प्रभागाला एक नगरसेवक होता. आता १२२ जण ३१ प्रभागांत वाटलेत. बहुतेक प्रभागांत चौघं, दोन ठिकाणी तिघं. ठाण्यात ३३ प्रभाग, १३१ जण. म्हणजे तुमच्या गटाराचं झाकण गेलं तर चार दारं आहेत, आणि चारही जण एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. चौघं वेगवेगळ्या पक्षांचे असले तर श्रेयासाठी भांडण, एकाच पक्षाचे असले तर त्यात जो वजनदार तोच सगळं ठरवणार आणि नवी निवडून आलेली बाई कोपऱ्यात. यावर उपाय कायद्यात नसला तरी व्यवहारात आहे. चौघांनी बसून कामं वाटून घ्यावीत आणि ती वाटणी छापून दारोदार द्यावी. पाणी कुणाकडे, कचरा कुणाकडे, रस्ते कुणाकडे, दवाखाना-शाळा कुणाकडे. हे वाटप करताना नगरसेविकेनं ‘मला महिला-बालकल्याण द्या’ म्हणून गप्प बसू नये. पाणी मागावं, रस्ते मागावेत. पैसा तिथं आहे.

आणि हे सगळं ठरवायचं कुठे? पाच वर्षांनी एकदा मतदानात नव्हे. २००९मध्ये महाराष्ट्रानं महापालिका कायद्यात ‘क्षेत्र सभे’ची तरतूद केली. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार तिचे सभासद, आणि नगरसेवक तिचा अध्यक्ष. शहरातली ग्रामसभाच म्हणा. तुम्ही कधी अशा सभेला गेलात? बहुतेक जणी नाव पहिल्यांदा ऐकत असतील. कारण त्या क्वचितच भरल्या. २७ गावांतल्या बायकांचं नुकसान तर दुहेरी झालं. ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती, तिच्याआधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यायचा नियम होता. महापालिकेत आल्यावर ती गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. मग विचारायचं कुठे, तर मोर्च्यात. जिला सभेत बोलायला जागा नाही ती हंडा घेऊन रस्त्यावरच येणार.

तेव्हा नगरसेविकाबाई, तुमचं पहिलं काम कुठलं, याचं आमचं उत्तर असं आहे. कामांची यादी करण्याआधी क्षेत्र सभा बोलवा. रविवारी दुपारी चारला बोलवा, जेव्हा बायकांना येता येईल. तिथं सांगा, या वर्षी ही तीन कामं करीन, आणि या दोन गोष्टींना पैसा नाही म्हणून त्या करणार नाही. आणि कुठलं काम तुमच्या हातातलं नाही तेही सांगा: लोकल रेल्वेची, वीज महावितरणची, कल्याण-शीळ रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा, बंदोबस्त पोलिसांचा. बायका समजून घेतात. घरात ‘या महिन्यात जमणार नाही’ हे वाक्य त्या रोज बोलतात आणि ऐकतात. त्यांना राग येतो तो खोटं बोलल्याचा. वर्षानं पुन्हा त्याच बायकांसमोर उभं राहून काय झालं, काय राहिलं, ते वाचून दाखवा.

हे ठाण्या-कल्याणापुरतं नाही. डिसेंबर २०२५मध्ये राज्यभर नगर परिषदा आणि नगर पंचायतींच्या निवडणुका झाल्या. शेजारच्या अंबरनाथ, बदलापूरपासून पार विदर्भ-खानदेशातल्या गावांपर्यंत तुमच्याही सभागृहात निम्म्या बायका आहेत. गाव लहान असलं की नगरसेविका भाजीला भेटते, शाळेच्या गेटपाशी भेटते, लग्नकार्यात भेटते. मोठ्या शहरातल्या बाईला न मिळणारी ही सोय वापरा. चार प्रश्न पुरेत. आमच्या गल्लीत पाणी किती वाजता सुटतं ते लेखी मिळेल का? गावातलं बायकांचं स्वच्छतागृह चालू आहे का? महिला व बालकल्याणाचा पैसा गेल्या वर्षी कशावर खर्च झाला? आणि तुमची सभा कधी? उत्तर नाही मिळालं तर माहितीचा अधिकार २००५पासून आपल्या हातात आहे. अर्जाला दहा रुपये लागतात.

एकटीनं विचारायचं अवघड वाटत असेल तर भिशीच्या, बचत गटाच्या, भजनी मंडळाच्या चौघी मिळून जा. कागदावर लिहून न्या आणि पोच घ्या, म्हणजे नंतर ‘कुणी सांगितलंच नाही’ म्हणायची सोय राहत नाही. आणि तिनं पाण्याचं वेळापत्रक खरंच लावलं, गल्लीतला दिवा खरंच लागला, तर तेही तिला जाऊन सांगा. शिव्या द्यायला सगळे येतात. काम झाल्यावर दार वाजवणारं कुणी नसतं. पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईला पुढच्या कामाचं बळ त्यातूनच मिळतं.